लग्नघराच्या जनरेटरची चावी

यूनुस सरखोत नेमके काय काम करतात, असे खारशेत गावात विचारले तर घरोघरी निराळे उत्तर मिळते. कुणी म्हणते, ते रस्त्याच्या कंपनीत साहेब आहेत. कुणी म्हणते, वीजवाल्यांचे दलाल आहेत. त्यांची थोरली बहीण हुस्नबानू म्हणते, "माझा भाऊ दुसऱ्यांचे खांब हलवतो आन् शिव्या खातो." चौकशीअंती बहिणीचेच उत्तर सत्याच्या सर्वांत जवळ असल्याचे माझे मत झाले.

बोर्ली पंचतनहून दिघीकडे जाणारा रस्ता रुंद होतो आहे. अशा रस्त्याच्या कडेने आणि पोटातून पुष्कळ काही गेलेले असते: विजेच्या तारा, पाण्याचे पाइप, टेलिफोनची जुनी केबल, इंटरनेटची नवी केबल, ग्रामपंचायतीने स्वतःच्या हिकमतीने टाकलेली एखादी नळयोजना. प्रत्येकाचा मालक वेगळा असतो आणि कोणत्याही मालकाला आपली वस्तू हलवायची नसते. त्या सर्वांना एका तारखेला एका जागी आणून, रस्ता येण्यापूर्वी वाट मोकळी करून द्यायची, हे यूनुसभाईंचे काम. साइटवर त्याला 'युटिलिटी शिफ्टिंग' म्हणतात, आणि या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरज तिथे कुणाला वाटलेली नाही.

या कामाचा ठेका अशा पद्धतीचा आहे की आराखडा ठेकेदारानेच करायचा आणि बांधकामही त्यानेच. त्यामुळे आराखडा पूर्ण होण्याची वाट कुणी पाहत नाही. एका टोकाला खडी पडत असते, तेव्हा दुसऱ्या टोकाचे वळण संगणकावर अजून हलतच असते. वळण हलले की कालच नव्या जागी रोवलेला खांब पुन्हा रस्त्याच्या मधोमध येतो. तोच खांब पुन्हा उपटून पुन्हा रोवल्याचे मी प्रथम ऐकले, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. यूनुसभाईंनी मला त्या खांबापाशी नेले. शेजारी सिमेंटचे दोन गोल चौथरे ओळीने रिकामे होते. "हे ह्याचं माहेर, हे सासर," ते म्हणाले, "आन् आता उभा हाय ते म्हातारपणीचं घर. तेवढं तरी टिकू दे."

त्यांचे वडील दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्ये चालणाऱ्या लाँचवर होते. यूनुसभाई स्वतः तरुणपणी शारजाला गेले आणि गटारे टाकणाऱ्या एका कंपनीत लागले. वाळवंटात कुदळ मारण्यापूर्वीसुद्धा खाली काय आहे ते विचारावे लागते, ही एक सवय त्यांनी तिथून आणली. बाकी काही आणले नाही, असे ते सांगतात. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परतले, ते कायमचे. रस्त्याचे काम निघाले आणि प्रत्येक गावात ओळख असलेला माणूस हवा होता म्हणून कंपनीने त्यांना घेतले.

त्यांची एक पद्धत होती. ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती आणि कंपनीने मागितलेलीही नव्हती. तारा हलवायच्या म्हणजे त्या टापूतला वीजपुरवठा दिवसभर बंद ठेवावा लागतो. त्याआधी ते त्या गावात जात, देवळातून आणि मशिदीतून तारीख जाहीर करवीत आणि मग ज्या ज्या घरी जनरेटर आहे त्या त्या घरी जाऊन बसत. आखाती पैशाने बांधलेल्या या किनाऱ्यावरच्या घरांत जनरेटर नवलाचा राहिलेला नाही. घरातला जनरेटर चुकीच्या जोडणीने सुरू झाला, तर त्याची वीज घराबाहेर पडून गावच्या तारेत शिरू शकते. आणि खांबावर तेव्हा माणूस असतो. म्हणून ते घरमालकाकडून मेन स्विच बंद करून घेत, चहा पीत आणि दारातून निघताना पुन्हा एकदा तेच सांगत. लोक त्यांची टर उडवीत. बोर्लीच्या एका दुकानदाराने त्यांना विचारले होते, "यूनुसभाय, तुम्ही वीज बंद करता का चहा चालू करता?"

कामाची तारीख ते कुणासाठी बदलत नसत. दिघीच्या एका कोळी घराने मुलीच्या हळदीसाठी एक दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली होती. त्यांनी नकार दिला, स्वतः जाऊन दिला, आणि त्या घरातल्या म्हातारीचे बोलणे खाली मान घालून ऐकून घेतले. पुढचे सारे समजण्यासाठी हा नकार ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गेल्या उन्हाळ्यात खारशेताबाहेरचे वळण बदलले. आराखड्याच्या बाजूने तिथे अमिषा म्हात्रे ही अभियंता होती. पेणकडच्या मिठागरवाल्या घरातली, पनवेलला शिकलेली. खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या पाणथळीच्या, बांधालगतची जमीन भराव पेलणार नाही, असे माती-तपासणीत निघाले आणि तिने रस्त्याची मधली रेषा गावाच्या बाजूला सरकवली. निर्णय योग्य होता; यूनुसभाईसुद्धा ते मान्य करतात. पण गावाला वीज देणारी लाईन त्या नव्या रेषेत आली. पावसाच्या आत ती हलवायची तर वीज कंपनीकडे देण्याजोगा एकच दिवस उरला होता. तो दिवस यशराच्या निकाहचा होता. यशरा ही हुस्नबानूंची एकुलती मुलगी, यूनुसभाईंची भाची. वडील ती लहान असतानाच वारले, त्यामुळे लग्नाची सगळी धावपळ मामाच्याच अंगावर होती.

भावाबहिणीत त्या संध्याकाळी झालेला संवाद मी दोघांकडून वेगवेगळा ऐकला. तो जवळजवळ शब्दशः जुळतो.

"आपा, त्या दिवशी बत्ती जाणार."

"कंच्या दिवशी?"

"यशराच्या निकाहच्या."

"तू सांगतोस का इचारतोस?"

"सांगतो."

"तारीख दिली कोणी?"

"वीजवाल्यांनी."

"आन् मागायला कोण गेला व्हता?"

"मीच."

हुस्नबानू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "म्हणजे मामाचा आहेर अंधार. बरा हाय. घडी करून पेटीत ठेवता येईल."

यूनुसभाईंनी बोर्लीहून भाड्याने मोठा जनरेटर आणवून दिला. घराच्या मागच्या अंगणात, यशराच्या खोलीच्या खिडकीखाली तो उभा राहिला. घराची वायरिंग त्याला नीट जोडून घेण्याचे काम त्यांनी जिब्रानकडे सोपवले. जिब्रान हा नात्यातला तरुण, दोहाला एसी दुरुस्तीचे काम करणारा, लग्नासाठीच सुटीवर आलेला. त्याच्या हाताला कसब आहे, याबद्दल गावात दुमत नाही.

इथपर्यंत सारे त्यांच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे होते. एकच गोष्ट राहिली. इतर प्रत्येक गावात, जनरेटर असलेल्या प्रत्येक घरात जाऊन जे ते बसून सांगत, ते त्यांनी या घरात सांगितले नाही. खारशेतात त्यांनी मशिदीतून तारीखही जाहीर करवली नाही. "सगळ्यांना ठाऊकच व्हतं," ते मला म्हणाले. मग म्हणाले, "माझंच घर ते. माझ्या घरी जाऊन मी काय सांगणार?"

खारशेतातली एक रीत इथे नोंदवली पाहिजे. गावात वीज नव्हती तेव्हा लग्ने रात्री होत आणि लग्नघर बोर्लीहून पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने आणी. त्या बत्त्या आधी गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या दारांत टांगायच्या, मशिदीच्या पायरीवर एक ठेवायची, आणि उरेल ती शेवटची स्वतःच्या मांडवात. लग्नघर उजळलेले आणि शेजार काळोखात, हे दृश्य त्या गावात ऐब समजले जाई. वीज आल्यावर बत्त्या गेल्या, रीत राहिली. हल्ली लग्ने दुपारी होतात, तेव्हा उजेडाची जागा पंख्याने आणि पाण्याच्या मोटरीने घेतली आहे. हा सर्व तपशील मला गावातल्या अनेक वृद्धांनी दिला. यूनुसभाईंनी मात्र आधी दिला नाही. लहानपणी शेजाऱ्यांच्या दारांत त्या बत्त्या त्यांनी स्वतः टांगलेल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी वीज गेली. यूनुसभाई पहाटेच्या नमाजनंतर घरी तोंड दाखवून खाजणाच्या बांधाकडे निघून गेले होते. गावाबाहेरच्या त्या खांबापाशी अमिषा होती, चार मजूर होते आणि बुधाजी भोईर होते. बुधाजी हे खांबावर चढणारे वायरमन. यूनुसभाईंच्या जवळपास प्रत्येक कामावर तेच असत. लाईन बंद असल्याचा परवाना, ज्याला सगळे 'परमिट' म्हणतात, त्यांच्या नावावर निघे. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे, आणि तोवर लाईन चालू होत नाही, असा नियम आहे.

वीज बोर्लीकडून येते. बुधाजींनी बोर्लीच्या बाजूला तारांवर साखळी टाकली. ही साखळी जमिनीला जोडलेली असते. चुकून वीज आलीच तर माणसाला न शिवता ती जमिनीत उतरते. मग ते वर चढले आणि खांबावरची जोडणी सोडवली. आता तार दोन तुकड्यांत विभागली गेली: एक बोर्लीकडचा तुकडा, ज्यावर साखळी होती, आणि दुसरा गावाकडचा, ज्यावर नव्हती. दुसऱ्या बाजूलाही साखळी टाकावी, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात ती कुणीच टाकत नसे. याविषयी मी बुधाजींना छेडले, तेव्हा ते चिडले नाहीत. "पुस्तकात दोन्हीकडं हाय," ते म्हणाले. "पन गावाकडनं वीज कुठनं येनार व्हती? खारशेतात काय धरण हाय?"

बुधाजी पाणी प्यायला खाली उतरले. त्याच सुमारास लग्नघरात काय घडत होते, हे त्या खांबाखाली कुणालाही ठाऊक नव्हते.

लग्नघरात पंखे फिरू लागले होते आणि हुस्नबानू दारात उभ्या राहून समोरच्या घराकडे पाहत होत्या. समोर तुळशीकाकी राहतात, वयाने पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्या ओट्यावर पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या. हुस्नबानूंनी जिब्रानला बोलावले.

"माझ्या घरात वारा आन् काकीला घाम? लोक तोंडात शेण घालतील. गल्लीला दे."

"खाला, एवढ्या घरांना वायर कुठून आणू?"

"ते तू बघ. दोहाला शेखांना थंड ठेवतोस ना?"

जिब्रानने यूनुसभाईंना फोन केला. या फोनबद्दल दोघांचे म्हणणे एकच आहे. त्याने विचारले, "मामू, लाईन नक्की बंद हाय ना?" यूनुसभाई म्हणाले, "बंद हाय. मी सांगेपर्यंत येणार न्हाय. तू मांडव बघ." जिब्रानने का विचारले, हे यूनुसभाईंनी विचारले नाही. त्यांनी काय गृहीत धरले, हे जिब्रानने विचारले नाही. लाईन बंद आहे म्हणजे तिला हात लावण्यात धोका नाही, एवढे त्याने ऐकले. प्रत्येक घराला वेगळी वायर नेण्याऐवजी त्याने जनरेटरची तार दारावरून जाणाऱ्या गल्लीच्या लाईनलाच जोडली आणि घरोघरी ओरडून सांगितले की फक्त पंखे लावा. तुळशीकाकींचा पंखा फिरू लागला. त्यांनी हुस्नबानूंना दुवा दिली. ती मी काकींच्या तोंडून ऐकली आहे.

यानंतरचे मला खोटे वाटले होते, म्हणून मी ते वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याकडून तपासून घेतले. गावाच्या तोंडाशी असलेली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बाहेरून येणारी मोठी वीज घरात वापरण्याइतकी लहान करते. पण तिला बाजू कळत नाही. घराच्या बाजूने लहान वीज आली, तर ती तिला तितकीच मोठी करून बाहेरच्या तारेवर सोडते. गावाकडचा तुकडा नुकताच मोकळा झाला होता; त्यावर दुसरा कसला भार नव्हता, की साखळीही नव्हती. एका लग्नघराचा जनरेटर त्या तारांत माणसाला क्षणात जाळण्याइतकी वीज भरू शकत होता. त्याने ती भरली होती. तारा तशाच दिसत होत्या.

बुधाजी कमरेचा पट्टा बांधून पुन्हा चढू लागले. आता गावाकडच्या तारा काढून नव्या खांबांवर घ्यायच्या होत्या. अमिषा फोनवर होती. यूनुसभाई खांबाखाली उभे होते. तेवढ्यात गावातून दुपारची अजान सुरू झाली.

ती तिथल्या सर्वांनी ऐकली. "मी पण ऐकली," अमिषाने मला सांगितले. "या वेळेला होतेच ना. मला त्यात वेगळं काय वाटणार?" मजुरांपैकी एकाने तर जेवणाची वेळ झाली म्हणून डबा काढला. यूनुसभाईंनी अजानच्या दोन ओळी ऐकल्या आणि मान गावाकडे वळवली. "अजान झाली ती बरोबर," ते म्हणाले. "भोंग्यातून झाली ते चूक."

त्यांनी वर पाहिले. बुधाजींचा हात तारेपासून किती दूर होता, याविषयी एकवाक्यता नाही. अमिषा म्हणते वीतभर. बुधाजी म्हणतात, अजून चांगला दोन हात खाली होतो. दोघांनाही तसे सांगण्याचे कारण आहे, म्हणून मी कोणताच आकडा स्वीकारलेला नाही.

"बुधाजी, हात लावू नको."

"काय झालं?"

"हात लावू नको. खाली ये."

"अरे, परमिट हाय माझ्याकडं."

"भोंगा चालू हाय."

बुधाजी खांबाला बिलगून स्तब्ध झाले. अमिषाने फोन कानावरून काढला. "मशिदीत इन्व्हर्टर असेल ना, यूनुसभाई," ती म्हणाली.

"रमजानपासून मेलाय तो. मीच दुरुस्तीला टाकलाय."

हे खरे आहे. मी बोर्लीच्या त्या दुकानात गेलो तेव्हाही तो इन्व्हर्टर फळीवर धूळ खात होता.

बुधाजी उतरले. त्यांनी दुसरी साखळी जमिनीत रोवलेल्या सळईला जोडली, लांब काठीच्या आकड्यात अडकवली आणि सगळ्यांना मागे सरायला सांगून तिचे टोक गावाकडच्या तारेवर टेकवले. दगड फुटावा तसा आवाज झाला. तारेवर निळापांढरा जाळ उठला आणि गेला. बांधावरचे बगळे एकदम वर गेले. गावातली अजान शेवटच्या ओळींत होती. भोंगा मध्येच तुटला, आणि मग वाऱ्यावर, फार बारीक, अजान देणाऱ्या माणसाचा नुसता गळा ऐकू आला. त्याने ती तशीच पुरी केली.

बुधाजी खाली बसले. ते स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून बघत होते. मजुराचा डबा उघडाच राहिला. अमिषा आराखड्याची गुंडाळी छातीशी धरून उभी होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी फक्त रेषा हलवली होती." तिला कुणी काही विचारले नव्हते.

गावात आता ही गोष्ट अशी सांगतात की अजानने बुधाजींना वाचवले. मी ती तशी लिहून घेत होतो, तेव्हा यूनुसभाईंनी मला अडवले. "लिवा," ते म्हणाले, "पन मग भोंगा कशावर चालला ते पन लिवा."

ते गावाकडे धावले. बांध ओलांडून, खाजणातून, लग्नाचे कपडे चिखलात भरवत. बुधाजी त्यांच्यामागून चालत आले. कुठे चाललो आहोत ते आपल्याला कळत नव्हते, असे ते सांगतात. लग्नघरात पंखे थांबल्यामुळे आरडाओरडा चालला होता. हुस्नबानू दारात होत्या.

"आला मामा," त्या म्हणाल्या. "आधी बत्ती घालवलीस, आता जनरेटर पन घालवलास? काकीचा पंखा बंद पडला. वऱ्हाड येऊन बसलंय."

यूनुसभाई बहिणीजवळून आत शिरले. त्यांनी जिब्रानकडे पाहिले. जिब्रान हसत पुढे आला. "मामू, काय टेन्शन न्हाय, ट्रिप झालाय नुसता. लगेच चालू करतो."

"जोडला कुठं?"

"गल्लीच्या लाईनला. तुम्हीच बोललात ना, बंद हाय म्हणून."

यूनुसभाईंनी मागे वळून बुधाजींना पुढे ओढले आणि त्यांचा हात उचलून धरला, जिब्रानला दिसेल असा. "हा हात," ते म्हणाले. "ह्या हाताने तो ती लाईन धरणार व्हता."

जिब्रानला कळायला वेळ लागला नाही. तो विजेचाच माणूस आहे. तो मागच्या अंगणात गेला आणि त्याने जनरेटरवरची तार सोडवून टाकली.

हुस्नबानूंनी बुधाजींकडे पाहिले. बुधाजी त्यांच्या घरी वर्षानुवर्षे येत. ईदचा शीरखुर्मा त्यांच्या डब्यातून जाई, गणपतीचे मोदक त्यांच्या बायकोकडून येत. लग्नाच्या आमंत्रणांत त्यांचे नाव होते.

"मी सांगितलं जिब्रानला," हुस्नबानू म्हणाल्या. "मी सांगितलं गल्लीला दे म्हणून." एवढे बोलून त्या ओटीवर बसल्या, आणि बसताना हातातली खोबऱ्याची परात सांडली, ती त्यांना कळलीही नाही.

काम मात्र अर्धे होते. तारा तुटलेल्या होत्या. संध्याकाळच्या आत त्या नव्या खांबांवर जोडल्या नाहीत, तर खारशेताला पुन्हा वीज कधी मिळेल हे कुणीच सांगू शकत नव्हते. उन्हाळ्यात, विहिरीवरची मोटर बंद, भरल्या लग्नघरात. अमिषाने फोन करून पाहिले. दुसरा माणूस मिळत नव्हता. चढायचे बुधाजींनाच होते.

बुधाजी म्हणाले, "मी न्हाय चढत."

कुणी त्यांना आग्रह केला नाही. मग त्यांनीच अट सांगितली. "परमिट सकाळी पन व्हतं माझ्याकडं. कागद हाय तो. साखळी आता दोन्हीकडं टाकीन, ती पन हाय. पन मला मानूस पायजे. त्या यंत्रापाशी कुणीतरी बसायचं. मी उतरून हितं येईपर्यंत उठायचं न्हाय. काय पन झालं तरी."

"मी बसतो," यूनुसभाई लगेच म्हणाले.

"तू न्हाय."

"का?"

"तुला धा मानसं हाका मारतील, तू उठशील. सगळ्यांचं ऐकतोस तू. तोच तुझा धंदा हाय."

ज्या गुणावर त्यांची सारी कारकीर्द उभी होती तो गुण त्यांच्याविरुद्ध असा वापरला जाईल, याची कल्पना यूनुसभाईंनी कधी केली नव्हती.

"चावी आण," हुस्नबानू म्हणाल्या.

जिब्रानने जनरेटरची चावी आणून दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि मागच्या अंगणात निघाल्या. बायकांमध्ये कुजबुज झाली. निकाहची घटका जवळ आली होती. वधूच्या वतीने बोलणारा वकील आणि साक्षीदार थोड्याच वेळात यशराची रजामंदी, म्हणजे संमती, विचारायला येणार होते आणि आई मुलीजवळ असायला हवी होती.

"आपा, यशराजवळ कोण बसणार?" कुणीतरी विचारले.

"तिला आज नवरा मिळतोय," हुस्नबानू म्हणाल्या. "ह्याच्या बायकोला तो परत कुठनं मिळणार?"

यूनुसभाई त्यांच्यामागे गेले. "आपा, चावी माझ्याकडे दे. तू आत जा. मी न्हाय उठत."

"तुला?" त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलखाला घरात बसून सांगितलंस. मला सांगितलंस?"

यूनुसभाईंनी एक खुर्ची आणून ठेवली. हुस्नबानू लग्नाच्या भारी साडीत, थंड पडलेल्या जनरेटरला लागून, भर उन्हात बसल्या. कुणीतरी छत्री आणून दिली. यूनुसभाई बांधाकडे परतले आणि या वेळी खांबाखाली उभे न राहता गावाच्या बाजूच्या साखळीपाशी जाऊन बसले.

निकाह भोंग्याविना, पंख्याविना झाला. एरवी लग्नघरात जनरेटर धडधडत असतो आणि शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. त्या दिवशी अंगण इतके शांत होते, की वरच्या उघड्या खिडकीतून वकिलाचा प्रश्न हुस्नबानूंना ऐकू आला आणि त्यानंतर मुलीचा "कबूल" हा शब्दही. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तुळशीकाकी काठी टेकत येऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या होत्या. हुस्नबानू उठल्या नाहीत, हे त्यांनी मला शपथेवर सांगितले. त्यांच्या सांगण्यात मला विसंगती आढळली नाही.

उन्हे कलल्यावर बुधाजी आले. हात काळे, पट्टा अजून कमरेला. मागे यूनुसभाई होते आणि थोड्या अंतरावर अमिषा.

"झालं, आपा."

"साखळ्या काढल्यास?"

"काढल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. परमिट पन परत दिलं."

यूनुसभाईंनी चावीसाठी हात पुढे केला. हुस्नबानूंनी पदराची गाठ सोडली, भावाच्या हाताकडे पाहिले आणि चावी बुधाजींच्या हातात ठेवली. तिचे काय करायचे ते बुधाजींना कळेना. तेवढ्यात खिडकीतला पंखा आपोआप फिरू लागला, समोर काकींच्या घरातला, मग गल्लीतले सगळे. कुणी टाळी वाजवली नाही. जिब्रानने वर तारेकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरला.

हुस्नबानू उठल्या तेव्हा त्यांचे पाय अवघडले होते. आत यशरा वाट पाहत होती. त्या आधी मांडवात गेल्या, एक ताट वाढले आणि बुधाजींच्या पुढ्यात ठेवले. बुधाजींनी घास उचलला. उजव्या हाताच्या बोटांतून भात ताटात परत पडला. त्यांनी दुसऱ्यांदा उचलला, तोही पडला. शेजारी बसलेल्या यूनुसभाईंनी स्वतःच्या ताटातला चमचा त्यांच्याकडे सरकवला. हुस्नबानू तोवर तिथेच उभ्या होत्या. बुधाजींच्या तोंडात पहिला घास गेला, आणि मग त्या मुलीकडे गेल्या.